‘हिरोशिमा मॉन आमूर’ पहिल्यांदा बघताना

फ्रेंच चित्रपटांकडे नव्यानं वळलेल्या माणसाला कुणी ना कुणी ‘हिरोशिमा मॉन आमूर’ (‘हिरोशिमा, माझं प्रेम’) बघायला सांगतंच. तो उत्साहानं लावतो, वीसेक मिनिटांनी ‘हे नक्की चाललंय काय?’ म्हणत घड्याळाकडे बघतो, आणि पुढच्या रविवारी जरा सोपं काहीतरी शोधतो. यात बघणाऱ्याचा दोष फारसा नसतो. आलाँ रेने या दिग्दर्शकानं १९५९ साली हा दीड तासाचा कृष्णधवल चित्रपट आणला, तेव्हा त्याच्यासमोरचा प्रेक्षक युद्ध अनुभवून बसलेला होता. त्याला काही गोष्टी सांगाव्याच लागत नव्हत्या. आपल्याला लागतात. तेवढी पूर्वतयारी केली आणि कुठे काय ऐकायचं हे ठाऊक असलं, तर हा चित्रपट अवघड राहत नाही. जड राहतो, पण ते वेगळं.

आधीच सांगतो, पुढे मी सगळी गोष्ट सांगून टाकणार आहे. शेवट कळल्यानं बिघडेल अशी ही गोष्ट नाही. उलट कळलेली असली तर डोळे आणि कान मोकळे राहतात.

गोष्ट एवढीच. १९५७ सालचा ऑगस्ट. शांततेविषयीच्या एका चित्रपटात काम करायला एक फ्रेंच नटी हिरोशिमात आलेली आहे. तिथे तिला एक जपानी वास्तुविशारद भेटतो. दोघंही विवाहित, दोघंही आपापल्या घरी सुखी. एक रात्र एकत्र जाते. दुसऱ्या दिवशी तिला पॅरिसला परतायचंय. मधल्या वेळात ती त्याला आपल्या तरुणपणातली एक गोष्ट सांगते, जी तिनं नवऱ्यालाही कधी सांगितलेली नाही. दोघांना नावं नाहीत. पटकथेत ती नुसती ‘ती’ आणि तो नुसता ‘तो’. तिचं काम एमान्युएल रिव्हानं केलंय, त्याचं एजी ओकादानं. ओकादाला फ्रेंच येत नव्हतं. त्यानं सगळे संवाद उच्चार पाठ करून म्हटले आहेत. ऐकताना त्याच्या बोलण्याला जी एक सावध, जपून पावलं टाकणारी लय जाणवते, तिचं एक कारण हेही असणार.

आधी दोन गावं समजून घ्या

हिरोशिमाविषयी आपल्याला शाळेच्या पुस्तकातल्या दोन ओळी ठाऊक असतात. ६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठ, अणुबाँब. त्यात थोडी भर घाला. वर्ष संपेपर्यंत सुमारे १,४०,००० माणसं मेली, असा त्या शहराचाच अंदाज आहे. त्यानंतर जपान १९५२ पर्यंत अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होता आणि बाँबच्या परिणामांची छायाचित्रं, वर्णनं छापण्यावर कडक नियंत्रण होतं. म्हणजे १९५८ साली रेने तिथे कॅमेरा घेऊन पोचला, तेव्हा ती दृश्यं उघडपणे बघायला मिळू लागून उणीपुरी सहा वर्षं झाली होती. शहर मात्र पुन्हा उभं राहिलं होतं. केन्झो टांगे या वास्तुविशारदानं आखलेलं स्मारक-संग्रहालय १९५५ साली उघडलं होतं, पर्यटक येत होते, हॉटेलं होती, निऑनचे दिवे होते. चित्रपटात दिसतं ते हे शहर. राखेतलं हिरोशिमा बघायला मिळेल म्हणून जो बसतो, त्याला अर्धा वेळ स्वच्छ रस्ते, कॅफे आणि रेल्वे स्टेशन दिसतं आणि तो गोंधळतो.

दुसरं गाव नेव्हेर. पॅरिसच्या दक्षिणेला सुमारे अडीचशे किलोमीटरवर, ल्वार नदीच्या काठचं. नायिका मूळची तिथली. जून १९४० मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे हरला आणि पुढची चार वर्षं फ्रान्सच्या मोठ्या भागात गावागावांत जर्मन शिपाई होते. १९४४ च्या उन्हाळ्यात आणि शरदाच्या तोंडावर एकेक शहर मुक्त होत गेलं. मुक्तीच्या जल्लोषात आणखी एक गोष्ट घडली. जर्मनांशी संबंध ठेवल्याचा आरोप असलेल्या बायकांना चौकात आणून, लोकांसमोर त्यांचे केस कापण्यात आले. अशा बायकांचा आकडा इतिहासकार वीस हजारांच्या आसपास धरतात. कापणारे, बघणारे आणि हसणारे त्यांच्याच गल्लीतले होते. युद्धानंतरच्या फ्रान्सला स्वतःची आठवण ठेवायची होती ती प्रतिकार करणारा देश म्हणून. या बायकांची गोष्ट त्या आठवणीत बसत नव्हती, म्हणून ती कुणी काढत नसे.

एवढं ध्यानात ठेवलं की या चित्रपटाचं धाडस कळतं. तो शत्रूच्या शिपायावर प्रेम करणाऱ्या मुलीचं दुःख मांडतो, तेही हिरोशिमात बसून, आणि ते दुःख खरं माना म्हणतो. १९५९ च्या फ्रेंच प्रेक्षकाला हे गिळणं सोपं नव्हतं. दुसरीकडे अमेरिकेला दुखवायला नको म्हणून फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात हा चित्रपट स्पर्धेबाहेर ठेवला गेला. समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं पारितोषिक त्याला तिथेच मिळालं, ही गोष्ट वेगळी.

हा माहितीपट व्हायचा होता

ही माहिती गंमत म्हणून सांगत नाही, बघताना तिचा उपयोग होतो. रेनेनं त्याआधी दहाएक वर्षं फक्त लघुपट केले होते. त्यातला नाझी छळछावण्यांवरचा ३२ मिनिटांचा ‘रात्र आणि धुकं’ गाजला आणि निर्मात्यांनी त्याला अणुबाँबवर तसाच माहितीपट करायला सांगितलं. काही महिने खटपट करून त्यानं हात टेकले. जे आधी केलंय तेच पुन्हा होईल, असं त्याला वाटू लागलं. मग तो मार्गेरित द्यूरास या कादंबरीकार बाईंकडे गेला. कॅमेऱ्याचा विचार न करता साहित्य लिहितोय असंच लिहा, असं त्यानं त्यांना सांगितलं होतं.

द्यूरासबाईंनी ते शब्दशः मनावर घेतलं. म्हणून इथली माणसं आपण बोलतो तशी बोलत नाहीत. एकच वाक्य पुन्हा येतं, थोडं बदलून पुन्हा येतं, नावं घोळवली जातात. संवाद बोलल्यासारखे नाहीत, म्हटल्यासारखे आहेत. भजनात ओळ फिरून येते तेव्हा ‘हे तर मघाशीच झालं’ असं आपण म्हणत नाही. तेवढी सवलत इथेही द्या. ‘असं कुणी बोलतं का?’ हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत मनातून काढून टाकता आला तर उत्तम. नाही आला तर हा चित्रपट तुमच्यासाठी नाही, आणि त्यात काही कमीपणा नाही. मला स्वतःला द्यूरासबाईंच्या वाक्यांचा कधीकधी कंटाळा येतो. रिव्हाच्या तोंडून मात्र ती खरी वाटतात.

बसण्याची तयारी

फोनवर बघू नका. आकाराचा प्रश्न आहेच, पण आवाजाचा त्याहून मोठा आहे. दोन माणसांचे आवाज, जोव्हान्नी फुस्कोचं तुटक संगीत आणि मधल्या शांतता, यांवर हा चित्रपट उभा आहे. घरी असाल तर चांगले हेडफोन लावा. जवळपासच्या फिल्म सोसायटीचा किंवा फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेचा खेळ असेल तर तिथेच जा. अंधारात, अनोळखी माणसांबरोबर बघण्यासारखा हा चित्रपट आहे. २०१३ साली त्याची नव्यानं दुरुस्त केलेली प्रत निघाली आहे, मिळाली तर तीच घ्या. कुठेतरी चढवलेल्या धुरकट प्रतीत करड्या छटा एकमेकींत मिसळून जातात आणि निम्मं काम तिथेच बिघडतं.

भाग पाडून बघू नका. दीड तासच आहे, एका बैठकीत होतो.

सबटायटल बहुधा इंग्रजी असतील. इथे एक युक्ती आहे. सुरुवातीच्या पंधरा मिनिटांत आवाज एक सांगतो आणि चित्र दुसरंच दाखवतं, आणि सबटायटल वाचताना डोळे पडद्याच्या तळाशी अडकून पडतात. म्हणून घरी बघत असाल तर ती पंधरा मिनिटं एकदा सबटायटलसह बघा. मग मागे जा, सबटायटल बंद करा आणि तीच पुन्हा बघा. शब्द साधारण लक्षात असतात, आता चित्रं बघता येतात. त्यानंतर सबटायटल सुरू करून पुढे जा. वेळ थोडा जास्त लागतो, पण पुढचा सगळा चित्रपट उलगडायला लागतो.

आणि घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावर लावा. सुरुवातीच्या भागात भाजलेली शरीरं, जखमा आणि दवाखान्यातली दृश्यं आहेत. ती मोठ्यांनाही सोसत नाहीत.

पहिली पंधरा मिनिटं

पडद्यावर दोन उघडी शरीरं. खांदे, दंड, पाठीवर रुतलेली बोटं. चेहरे नाहीत. कातडीवर राखेसारखं काहीतरी पडतंय, मग तेच कण चमकू लागतात, मग दव वाटतं, मग घाम. प्रेम करणारी माणसं आहेत की राखेखाली सापडलेली, हे पहिल्या क्षणी सांगता येत नाही. तसंच ते ठेवलेलं आहे.

मग पुरुषाचा आवाज. तू हिरोशिमात काहीच पाहिलं नाहीस. काहीच नाही. आणि बाईचा आवाज. मी सगळं पाहिलं. सगळं.

इथून ती यादी देत जाते. दवाखाना पाहिला. कॅमेरा दवाखान्याच्या बोळातून सरकतो, रुग्ण बायका आपल्याकडे बघतात आणि मान फिरवतात. तो म्हणतो, तू दवाखाना पाहिला नाहीस. संग्रहालय पाहिलं, चार वेळा पाहिलं. वितळून एकमेकांना चिकटलेली बाटल्यांची झाकणं, वाकलेलं लोखंड, काचेच्या पेट्यांमागचे अवशेष. तो पुन्हा नाही म्हणतो. वार्तापट पाहिले, तेही नाही. ती आकडे सांगते, तापमान सांगते, तो ऐकून नाहीच म्हणतो.

नवखा प्रेक्षक इथे वैतागतो. बाई पाहिलं म्हणतेय, आपल्यालाही दिसतंय, मग हा गृहस्थ नाही का म्हणतोय? दोघांपैकी कुणाचं खरं, हे ठरवायच्या फंदात पडू नका. त्याऐवजी स्वतःला एक साधा प्रश्न विचारत राहा, की आत्ता पडद्यावर दिसतंय ते खरं आहे की उभं केलेलं?

कारण या भागात दोन्ही मिसळलेलं आहे. काही दृश्यं खऱ्या वार्तापटांतली आहेत. काही मात्र १९५३ साली हिदेओ सेकिगावा या दिग्दर्शकानं केलेल्या जपानी कथापटातली आहेत, ज्यात हिरोशिमाच्या हजारो रहिवाशांनी त्या सकाळचा प्रसंग पुन्हा उभा केला होता. कुठली खरी, कुठली नाटकातली, याची पाटी रेने लावत नाही. नायिका एवढंच म्हणते, की पुनर्निर्मिती शक्य तेवढ्या गांभीर्यानं केलेली आहे, भास इतका हुबेहूब आहे की पर्यटक रडतात. ती हे साध्या आवाजात म्हणते. आपणही तोवर रडवेले झालेले असतो, आणि आपली गणना कुठे झाली हे लगेच कळतं.

यात आणखी एक गाठ आहे. सेकिगावाच्या त्या चित्रपटात एका शिक्षकाचं काम एजी ओकादानंच केलं होतं. म्हणजे ‘तू काही पाहिलं नाहीस’ म्हणणारा नट त्या उभ्या केलेल्या हिरोशिमात स्वतः वावरलेला आहे.

या यादीतली एक गोष्ट मात्र मुद्दाम लक्षात ठेवा, तिचा पुढे उपयोग आहे. संग्रहालयात एका पेटीत केस ठेवलेले आहेत. नायिका सांगते, हिरोशिमाच्या बायका सकाळी उठायच्या आणि डोक्यावरचे सगळे केस गळून उशाशी पडलेले असायचे. पाऊण तासानंतर नेव्हेरच्या चौकात कात्री चालते, तेव्हा ही पेटी आठवली पाहिजे. चित्रपट दोन्हींची सांगड बोलून घालत नाही. दोन यातना एका मापाच्या आहेत असंही तो म्हणत नाही. तो फक्त एक चित्र आधी दाखवून ठेवतो.

पंधरा मिनिटांनी एकदम चेहरे दिसतात, दोघं हसतात, साधं बोलायला लागतात. तो सांगतो की फ्रेंच राज्यक्रांतीविषयी वाचायचं म्हणून आपण फ्रेंच शिकलो. इथे खुर्चीत जरा सैल होऊन बसायला हरकत नाही.

हाताचा कट

सकाळी ती किमोनो घालून, हातात कॉफी घेऊन खोलीच्या दारातून झोपलेल्या त्याच्याकडे बघते. तो पालथा झोपलाय, एक हात उताणा पडलाय, झोपेत त्याची बोटं किंचित हलतात. आणि अचानक कट, म्हणजे थेट दुसऱ्या दृश्यात उडी: दुसराच हात दिसतो. तशाच ठेवणीचा, पण दुसऱ्या माणसाचा, दुसऱ्या जागी. कॅमेरा झपकन वर जातो, रक्ताळलेला चेहरा, त्यावर झुकलेली एक मुलगी. की पुन्हा हिरोशिमाची सकाळ.

पापणी लवली तर हुकेल एवढंच. पण आठवण दाखवायचा चित्रपटांतला सगळा जुना संकेत इथे मोडलेला आहे. आपल्या जुन्या चित्रपटांत कुणाला काही आठवायचं तर पडदा पाण्यासारखा हलायचा, वाद्यं झंकारायची, ‘आजही आठवतंय मला’ असं कुणीतरी म्हणायचं. फ्रान्स आणि अमेरिकेतही वेगळी रीत नव्हती. रेनेनं घोषणा काढून टाकली. आठवण खरोखरी येते तशी, न बोलावता, मध्येच, ज्याला आली त्यालाही नकोशी. ज्यांनी हे १९५९ साली पहिल्यांदा पाहिलं, त्यांना आपण काय पाहिलं हेच धड कळलं नव्हतं. नंतरच्या साठ वर्षांत हा कट इतका उचलला गेला की आज जाहिरातींतही तो येतो. म्हणून आपल्याला त्याचा धक्का बसत नाही. धक्का बसला नाही म्हणून नाराज होऊ नका. तिचा चेहरा बघा. तिला बसलेला आहे.

नदीकाठचा कॅफे

हा चित्रपटाचा गाभा. संध्याकाळ झाली आहे, विमानाला अजून सोळा तास आहेत, आणि ते कसे घालवायचे म्हणून दोघं नदीकाठच्या कॅफेत बसतात. टेबलावर बिअर. मागे ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणं टाकून गाणी वाजवायचं यंत्र, त्यावर वाजणारा वॉल्ट्झ जॉर्ज दलरूनं बांधलेला आहे. इथे ती नेव्हेर सांगते, पण तुकड्यांत आणि उलटसुलट. पहिल्यांदा बघणाऱ्यानं क्रम आधीच माहीत करून घ्यावा, म्हणजे जुळवाजुळवीत शक्ती जात नाही.

तो असा. तरुण मुलगी, बाप गावातला औषधविक्रेता. एका जर्मन शिपायाशी प्रेम. दोघं गोठ्यांत, पडक्या घरांत, मग खोल्यांत चोरून भेटतात. जर्मनीतल्या बव्हेरियाला जाऊन लग्न करायचं ठरतं. निघायच्या दिवशी दुपारी ल्वारच्या घाटावर भेटायचं असतं. ती पोचते तेव्हा कुणीतरी एका बागेतून त्याला गोळी घातलेली असते. तो लगेच मरत नाही. ती दिवसभर आणि रात्रभर त्याच्या अंगावर पडून राहते. त्याच रात्री नेव्हेर मुक्त होतं, सेंत-एतिएन चर्चच्या घंटा वाजतात. मग चौक, कात्री, मुंडण. मग घराच्या तळघरात कोंडून ठेवणं, कारण ती ओरडते आणि घराची अब्रू जाते. तळघराच्या छोट्या झरोक्यातून तिला रस्त्यावरची पावलं दिसतात. भिंतीच्या खडबडीत, खारवलेल्या पृष्ठावर ती बोटं रक्त येईपर्यंत घासते. एकदा बाहेर खेळणाऱ्या मुलांची गोटी घरंगळत आत येते. केस हळूहळू वाढतात, वेड ओसरतं. मग एका रात्री आई तिला पैसे देते आणि सायकलवरून पॅरिसला पाठवून देते. दोन दिवसांनी ती पोचते तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत एकच नाव असतं, हिरोशिमा.

हा क्रम मनात असला की कॅफेतली खरी गोष्ट ऐकू येते. जपानी पुरुष तिला विचारतो, तू तळघरात असतेस तेव्हा मी मेलेला असतो का? ती म्हणते, हो, तू मेलेला आहेस. तिथून पुढे तो ‘मी’ म्हणजे तो जर्मन, आणि ती त्याला ‘तू’ म्हणते ते त्या मेलेल्याला. सगळं वर्तमानकाळात चाललेलं. एखादी मावशी अंगात आल्यावर बोलते तसं हे नाही. दोघंही शुद्धीवर आहेत आणि दोघांनी मिळून हे ठरवल्यासारखं केलंय. तो तिला मेलेल्याची जागा देऊ करतो आणि ती घेते. ज्यानं हा संवाद नीट ऐकला नाही त्याला पुढचा अर्धा तास कळत नाही, म्हणून इथे सबटायटलची एकही ओळ चुकवू नका.

आवाजाकडेही लक्ष असू द्या. नेव्हेरची चित्रं बहुतेक मुकी आहेत. ती तळघरात आहे, पण आपल्याला ऐकू येतो तो हिरोशिमाच्या कॅफेतला ज्यूकबॉक्स आणि नदीवरची संध्याकाळ. भूतकाळाला स्वतःचा आवाज जवळजवळ नाहीच. चित्रणाचं कामही दोन माणसांत वाटलेलं होतं: फ्रान्समधला भाग साशा व्हिएर्नीनं टिपला, जपानमधला मिचिओ ताकाहाशीनं. नेव्हेरचा हिवाळी, फिकट उजेड आणि हिरोशिमाच्या रात्रीचा चकचकाट एकमेकांत मिसळत नाहीत, ते त्यामुळेही.

बोलता बोलता तिचा आवाज चढत जातो. त्याच्या मेलेल्या देहात आणि माझ्या देहात मला फरकच करता येत नव्हता, असं सांगताना ती ओरडते, आणि तो तिच्या थोबाडीत मारतो. दोनदा. ती भानावर येते. हा प्रसंग आज बघताना खटकतो, खटकायलाच हवा. पण त्यानंतर रिव्हाच्या चेहऱ्यावर जे येतं ते पाहा. ती हसते, आणि आपण आत्ता काय केलं हे तिच्या हळूहळू लक्षात येतं. चौदा वर्षं जपलेली गोष्ट तिनं सांगून टाकली आहे. पुढे हॉटेलात आरशासमोर तोंड धुताना ती मेलेल्याशी बोलते, की आज मी या परक्या माणसाबरोबर तुझ्याशी प्रतारणा केली, आपली गोष्ट मी सांगितली. बघ, ती सांगता येण्याजोगी होती.

माझ्या मते सगळा चित्रपट या एका वाक्यात आहे. तिला त्याच्या मरणापेक्षा जास्त भीती वाटते ती हे दुःख एक दिवस सांगण्यासारखी गोष्ट होऊन बसेल याची. संग्रहालयातल्या काचेच्या पेट्यांची आणि तिची गाठ इथे पडते. विसरू नये म्हणून सांगायचं, आणि सांगितलं की ते गोष्टीसारखं गुळगुळीत व्हायला लागतं. हिरोशिमाचंही तेच झालेलं ती पाहून आली आहे.

रात्रीची भटकंती

यानंतरचा भाग लांबतो. ती चालते, तो मागे चालतो, हिरोशिमाच्या निऑनच्या पाट्या आणि नेव्हेरच्या दगडी भिंती आलटून पालटून सरकत राहतात. थांब म्हणतो, जा म्हणते. लांबण मुद्दाम आहे, दोघांना वेळ मारायचा आहे आणि आपल्यालाही तो मारावा लागतो. तरी दहा मिनिटं कमी असती तर माझी तक्रार नव्हती.

दोन जागी मात्र जागे राहा. एक, रेल्वे स्टेशनच्या प्रतीक्षागृहात बाकावर दोघांच्या मध्ये एक म्हातारी जपानी बाई बसते आणि त्याच्याशी जपानीत बोलते. आपली नायिका काही क्षण त्या शहरात निव्वळ परकी होऊन जाते. दुसरी, ‘कॅसाब्लँका’ नावाच्या बारमध्ये एक अनोळखी जपानी माणूस तिच्याशी इंग्रजीत लगट करू बघतो आणि आपला वास्तुविशारद दुसऱ्या टेबलावरून नुसता बघत राहतो. कालची ओळखही अशीच झाली असेल का, हा विचार चित्रपट आपल्यावर सोडतो.

शेवटी खोलीत ती त्याला ओरडून सांगते की मी तुला विसरणार, आत्ताच विसरायला लागले आहे. मग ती त्याला नाव देते, हिरोशिमा. तो तिला देतो, नेव्हेर. ती जाते की राहते, दाखवलेलं नाही. त्यावर चर्चा करत बसू नका, तिकीट काढलेलं आहे.

बघून झाल्यावर जे खटकेल

बहुतेकांना एक गोष्ट बोचते, आणि ती बोच योग्य आहे. तो जपानी माणूस. बाँब पडला तेव्हा तो सैन्यात होता, घरचे हिरोशिमात होते, एवढं दोनचार वाक्यांत कळतं आणि विषय बदलतो. एका शहराचा संहार मागे पडद्यासारखा लावून पुढे एका फ्रेंच मुलीचं प्रेमदुःख, असं या चित्रपटाविषयी म्हणता येतं आणि म्हटलंही गेलंय. बचाव असा, की पहिल्याच वाक्यात चित्रपटानं आपली मर्यादा सांगितली आहे: तू काही पाहिलं नाहीस. परक्याला हिरोशिमा सांगता येणार नाही, म्हणून तो ते सांगत नाही; परक्याचं स्वतःचं जे आहे ते सांगतो. मला हा बचाव बराचसा पटतो, पूर्ण नाही. मूळच्या हिरोशिमाच्या नोबुहिरो सुवा या दिग्दर्शकानं २००१ साली हीच पटकथा फ्रेंच नटीला घेऊन पुन्हा चित्रित करायला घेतली, आणि ते चित्रीकरण कसं अडत जातं हाच त्याचा ‘एच स्टोरी’ हा चित्रपट झाला. तुम्हाला ती बोच फारच लागली असेल तर तो शोधा.

दुसरीकडे, रिव्हानं चित्रीकरणाच्या सुट्या वेळात हिरोशिमाच्या गल्ल्यांत स्वतः छायाचित्रं काढली होती. मुलं, दुकानं, नदी, सायकली. ती अर्ध्या शतकानंतर पुस्तकरूपात आली. चित्रपटात जे शहर आपल्याला तिच्या पाठीमागून दिसतं, ते तिथे समोरून दिसतं.

पुढे काय बघावं? रेनेचा ‘रात्र आणि धुकं’ लगेच बघा. अर्ध्या तासाचा आहे, आणि रंगीत वर्तमान व कृष्णधवल भूतकाळ एकमेकांना कसे भिडवायचे हे तो तिथे शिकला होता. ज्यावर त्याचं सगळ्यात जास्त नाव झालं तो १९६१ चा ‘गेल्या वर्षी मारिएन्बादमध्ये’ मात्र आत्ता हातात घेऊ नका. त्यात गोष्टीचा धागाही हाती लागत नाही आणि इतिहासही नाही. रेनेविषयी नसते गैरसमज करून घ्याल. त्याऐवजी १९६३ चा ‘म्यूरिएल’ घ्या. तो रंगीत आहे, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या बुलोन्य गावात घडतो, आणि अल्जीरियाच्या युद्धातून परतलेला एक तरुण तिथे जे केलं ते कुणाला सांगू शकत नाही. ‘हिरोशिमा’मध्ये सांगून टाकण्याची भीती आहे, तिथे सांगताच न येण्याची आहे.